शहाद्यातल्या समुद्रासाठी दगड

कापूस वेचणीला आला की आमच्या गावाच्या रस्त्यांना पांढरी कडा लागते. ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या शिगोशीग भरून जिनिंगकडे जातात, आणि वाटेतल्या बाभळी त्यांच्याकडून थोडा थोडा कापूस काढून घेतात. त्याच दिवसांत साखर कारखान्याचा हंगाम सुरू होतो. पहाटे खिडकी उघडली की मळीचा गोडसर, आंबूस वास घरात येतो. बाहेरून आलेले लोक नाकाला रुमाल लावतात. मला त्या वासाने हिवाळा आल्याचं कळतं, आणि गेली काही वर्षं त्याच्या मागोमाग एकच हिवाळा आठवतो. उषा लग्न करून वेरावळला गेली आणि मी जेवणाच्या टेबलावर दगड मांडून बसले, तो.

उषा माझी धाकटी बहीण. माझ्याहून पाच वर्षांनी लहान. मी शहाद्यात बारावीपर्यंतच्या मुलांना जीवशास्त्र शिकवते. ती सरकारी दवाखान्यात परिचारिका होती. आधी बरीच वर्षं धडगावला. शनिवारी जीपमधून घाट उतरून घरी यायची, तेव्हा केसांत लाल धूळ आणि पिशवीत सीताफळं नाहीतर आमचूर असायचा. पुढे तिची बदली शहाद्याला झाली. आमचं मूळ गाव कळसाडी, राहायला शहाद्यात. शेती भावकीकडे वाट्याने दिलेली. आधी शिक्षण, मग वडिलांचा अर्धांगवायू, मग आईचं अंथरूण. दोघींपैकी कुणी लग्न करायचं नाही असं आम्ही कधी ठरवलं नाही. ते नुसतं होत गेलं, आणि एके दिवशी लोकांनी विचारायचं सोडलं.

किरीटभाई शहाद्यात कुणा नातेवाइकाच्या लग्नाला आले होते. वेरावळला बर्फाच्या कारखान्यात व्यवस्थापक. मासेमारीच्या होड्यांना बर्फ पुरवणारा कारखाना. बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, मूलबाळ नाही. लग्नाच्या जेवणाने त्यांना बाधलं आणि ते चार दिवस उषाच्या वॉर्डात पडून राहिले. मला एवढंच ठाऊक होतं. पुढे दिवाळीला, पाडव्याला त्यांचा फोन येत असेल, हे मी कधी पाहिलं नाही, कारण पाहायचं असतं हे माझ्या मनात आलं नाही.

नवरात्रातली एक दुपार होती. स्वयंपाकघरात आम्ही तुरीच्या शेंगा सोलत बसलो होतो. उषाने मान वर न करता सांगितलं, "ताई, मी लगीन करसू."

घरात आम्ही अहिराणीच बोलतो. मी शेंग तशीच हातात धरून म्हणाले, "आते? ह्या वयमा?"

उषा सत्तेचाळीस वर्षांची होती. उरलेल्या सगळ्या शेंगा तिने सोलल्या, टरफलं गोळा करून गायीच्या टोपलीत टाकली आणि हात धुतले. मग मी "जा" म्हणाले, आशीर्वाद दिला, साडी आणली, नोंदणी कार्यालयात साक्षीदार म्हणून सही केली. पण पहिलं वाक्य बोलून झालेलं होतं. आमच्या विषयात पहिल्या तासाला मुलांना सांगतात की पेशीचं आवरण काय आत घ्यायचं, काय नाही ते निवडतं. कानाला तशी सोय नाही.

ती गेली आणि घराचा आवाज बदलला. कुकरच्या शिट्ट्या कमी झाल्या. दोन माणसांच्या डाळीला चार लागायच्या, एका माणसाच्या डाळीला किती हे मला ठरवता येईना. संध्याकाळी कॉलेजातून आल्यावर मी बोलायचं म्हणून भाजीवाल्याशी बोलत उभी राहायची. उषाचे फोन येत. ती समुद्राबद्दल सांगायची. "ताई, आठे पानी रोज येस, रोज जास. ध्यानच ऱ्हात नही, किती येळ व्हयना." ती दर फोनला ये म्हणायची. मी परीक्षा, प्रात्यक्षिकं, पेपर, असं काहीतरी सांगायची.

त्याच महिन्यात कॉलेजच्या प्रयोगशाळेचं नूतनीकरण निघालं. जुनी काचेची टाकी, तीन फुटी, भंगारात जाणार होती. कितीतरी वर्षं तिच्यात फक्त खडूचे खोके राहात होते. मी ती रिक्षात घालून घरी आणली. गोड्या पाण्याचे मासे शहाद्यातही मिळतात, पण माझ्या मनात खारं पाणी आलं. का, हे तेव्हा मी स्वतःला असं सांगितलं: सव्वीस वर्षं फळ्यावर नायट्रोजनचं चक्र काढलं, एकदा ते डोळ्यांनी घडताना बघू. हे खोटं नव्हतं. पण उषाच्या समुद्राकडे जायचं नाही आणि समुद्र तर पाहिजे, हेही त्यात होतं.

खाऱ्या पाण्याच्या टाकीत मासा शेवटी येतो. आधी यायला लागतात न दिसणारे जीवाणू. मासा जे टाकतो त्याचा अमोनिया होतो, आणि अमोनिया माशालाच मारतो. एका जातीचे जीवाणू त्या अमोनियाचं नायट्राइट करतात, तेही विषच. दुसऱ्या जातीचे त्याचं नायट्रेट करतात, ते बऱ्यापैकी निरुपद्रवी. समुद्र मोठा असल्यामुळे तिथे हे आपोआप चालतं. काचेच्या टाकीत ह्या जीवाणूंना राहायला जागा द्यावी लागते. गाळणीत असं काहीतरी ठेवायचं की ज्याला भरपूर पृष्ठभाग आहे, बारीक छिद्रं आहेत, ज्यातून पाणी फिरेल. ते काय असावं यावर टाकी जगणार की नाही हे ठरतं.

मी नंदुरबारहून गाडीने सुरतेला गेले. तिथल्या एका गल्लीत समुद्री माशांचं दुकान होतं. दुकानदार साठीचा, चष्मा कपाळावर चढवलेला. मी मासे बघायला लागले तर म्हणाला, "बेन, मछली बाद में. पहले उसका घर."

त्याने काउंटरवर एकेक वस्तू मांडली. काळ्या प्लॅस्टिकचे काटेरी गोळे. चिनीमातीच्या पोकळ पांढऱ्या नळ्या, तुटलेल्या खडूएवढ्या. भाजलेल्या सच्छिद्र दगडाची एक वीट. वाळलेला, पांढराफटक समुद्री खडक. आणि कोपऱ्यातल्या टबात, पाण्याखाली, एक जिवंत खडक. त्यावर गुलाबी पापुद्रे, हिरवी झालर, आणि त्यातून हळूच मान काढणारा केसाएवढा किडा.

"ये डालो तो पंद्रह दिन में टंकी तैयार," तो म्हणाला. "सब जीव साथ में आता है."

"ये आया कहाँ से?"

त्याने चष्मा डोळ्यांवर घेतला आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळला. मी नळ्या घेतल्या, भाजलेली वीट घेतली, नमुन्याला चार काळे गोळे घेतले. समुद्री मिठाची गोणी, पाणी तपासायच्या थेंबांच्या बाटल्या. परतीच्या गाडीत गोणी पायांशी ठेवून मी बसले होते. समोरच्या बाईने विचारलं, काय आहे? मी म्हणाले, मीठ. ती म्हणाली, एवढं? मग तिने विचारणं थांबवलं.

त्या हिवाळ्यातल्या माझ्या संध्याकाळी टेबलावर गेल्या. सुरतेच्या वस्तूंशेजारी मी आपल्या भागातलंही मांडलं. वीटभट्टीवरची एक पक्की वीट फोडून तिचे तुकडे. सातपुड्याच्या पायथ्याचा काळा दगड, ज्याला अंगभर भोकं असतात. छपरावरच्या कवेलूचं एक फुटकं खापर. प्रत्येक गोष्ट कोरडी असताना स्वयंपाकघरातल्या काट्यावर तोलायची, एक रात्र पाण्यात ठेवायची, सकाळी पुसून परत तोलायची. जितकं वजन वाढलं तितकं पाणी ती आत घेते. जितकं पाणी आत जातं तितकी जीवाणूंना वाट.

काळ्या दगडाने मला फसवलं. इतकी भोकं, की चाळणीच वाटावी, आणि वजन जेमतेम दोन ग्रॅमनी वाढलं. फोडून पाहिला तेव्हा कळलं. प्रत्येक भोक आपापलं बंद होतं. एकातून दुसऱ्यात जायला रस्ताच नव्हता. वितळलेल्या खडकात अडकलेला वायूचा बुडबुडा, लाखो वर्षं तसाच. विटेने पाणी भरपूर प्यायलं, पण पाच दिवसांत तिचा लाल गाळ सुटायला लागला. काळे गोळे दिसायला चांगले, पण त्यांचा सगळा व्यवहार बाहेरच्या बाहेर. आत काही नाही, वर घाण मात्र साचणार. पांढऱ्या नळीवर मी शाईचा एक थेंब टाकला. तो टेकताच आत गेला, आणि थोड्या वेळाने नळीची दुसरी बाजू निळी झाली.

नळ्या ठरल्या. त्यांच्या खाली भाजलेली वीट, कारण तिच्या अगदी पोटात प्राणवायू पोहोचत नाही आणि तिथे तिसऱ्या जातीचे जीवाणू राहतात, नायट्रेटचा वायू करून हवेत सोडणारे. हे सगळं मी वहीत लिहिलं. लिहिताना दोनदा मान वर करून बोलायला तोंड उघडलं. समोरची खुर्ची टेबलाखाली सारलेली होती.

आमच्या शेजारी चंदाभाभी राहतात. मारवाडी जैन कुटुंब, बाजारात भांड्यांचं जुनं दुकान. त्या पापड द्यायला आल्या आणि नुसत्या पाण्याची उजळलेली टाकी बघून थबकल्या. मी सगळं समजावलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "मॅडम, माझ्या भाच्याने असंच केलं होतं. पहिल्या दोन-चार मछली मरायलाच टाकतात म्हणे. त्या मेल्या की पाणी बसतं. तुम्ही पण तसं करणार?"

मी म्हणाले, नाही. माशाच्या जागी नुसता अमोनिया टाकून चालतो. नवसागरात तो असतो, तेवढा मिळाला तर बास.

"नवसागर?" भाभींचा चेहरा उजळला. "आमच्या दुकानात पडून आहे. कल्हई बंद झाली, कोण विचारतो त्याला."

दुसऱ्या दिवशी त्यांनी कागदात बांधून नवसागराचे दोन खडे आणून दिले. पितळी भांड्यांच्या पोटाला चकाकी आणणारी ती वस्तू मी चिमूट चिमूट टाकीत टाकू लागले. न दिसणाऱ्या जीवांना न दिसणारा घास. थेंब टाकून पाणी तपासायचं: हिरवं म्हणजे अमोनिया आहे. रोज हिरवं. शहाद्याच्या हिवाळ्यात पहाटे हात गारठतात. मी टाकीत हीटर लावला, वीज जाईल म्हणून इन्व्हर्टर जोडला. वीस दिवस झाले, पंचवीस झाले. हिरवंच. भाभी रोज कुंपणावरून विचारायच्या, "आले का तुमचे पाहुणे?" मी मान हलवायची.

हे सगळं मी उषाला फोनवर सांगत होते. दगडांबद्दल बोलणं सोपं होतं. एकदा ती म्हणाली, "तुले दगडच पाहिजे ना? मी संक्रांतले लई येसू."

संक्रांतीला ती खरंच दगड घेऊन आली. लग्नानंतर पहिल्यांदाच. बसस्टँडवर उतरली तेव्हा तिच्या दोन्ही हातांत बर्फाच्या कारखान्यातलं थर्माकोलचं खोकं होतं आणि बॅग खांद्यावरून घसरत होती. मी बॅग घ्यायला गेले तर म्हणाली, "बॅग ऱ्हाऊ दे. हाई धर, सांभाळीसन."

घरी येऊन तिने खोकं टेबलावर ठेवलं. झाकण काढलं, ओलं गोणपाट बाजूला केलं, भिजलेले कागद एकेक उचलले. आत दोन विती लांबीचा खडक होता. गुलाबी, जांभळा. एका कपारीत नखाएवढा खेकडा. आणि वरच्या अंगाला तळहाताएवढ्या जागेत हिरवट-तपकिरी वाट्या, एकमेकींना चिकटून बसलेल्या. मी चष्मा लावून खाली वाकले.

"उषा, हाई पोवळं शे. जित्तं."

"हाव. ह्यासना वळखीना एक मासा धरनारा खारवा शे, तेनी काढी दिनं. चांगलं शे ना?"

मी शिक्षक आहे, आणि शिक्षकाला चुकीच्या वेळी बरोबर बोलायची खोड असते. मी तिला सांगितलं की पोवळं समुद्रातून काढायला बंदी आहे, वाघाला कायद्याने जे संरक्षण तेच पोवळ्यालाही. की हे घरात ठेवणं गुन्हा आहे. की माझ्या टाकीत आत्ता अमोनिया भरलेला आहे, त्यात हे उद्यापर्यंतही जगणार नाही. सगळं खरं होतं. ती उभ्यानेच ऐकत होती. स्वेटरही काढला नव्हता.

"अठरा तास," ती म्हणाली. "मांडीवर धरीसन आनं मी. झोपनू नही, कलंडी जाई म्हनीसन." मग आवाज न चढवता: "तुले मन्हं काही बी देवाले गयं ते तुन्हा कायदामा बसत नही. मन्हं लगीन बी बसनं नही."

ती आत जाऊन हातपाय धुऊ लागली. नळाचा आवाज बराच वेळ येत राहिला.

मी धुण्याचा टब घासला, नवं खारं पाणी कालवलं, हीटर आणि हवेची नळी त्यात सोडली आणि खडक हलकेच ठेवला. दिवेलागणीला उषा बाहेर आली. टबाशी बसली. खोलीतला दिवा मी बंद केला आणि पांढऱ्या उजेडाने पोवळं मिटू नये म्हणून बॅटरीवर लाल कागद धरला. त्या तपकिरी वाट्यांतून एकेक करत बारीक बोटं बाहेर येत होती, काचेसारखी, टोकाला पांढरा ठिपका. उषा म्हणजे एका पावसाळ्यात चाळीस बाळंतपणं केलेली बाई; ती टबावर वाकली.

"उघडनं," ती हळूच म्हणाली. "ताई, हाई उघडनं."

आम्ही दोघी पाटावर बसून ते बघत राहिलो. आमचे खांदे एकमेकींना लागले होते. माफी मागायला याहून चांगली वेळ मिळणार नव्हती. मी म्हणाले, "मी येस तुन्हासंगे. हाई परत सोडाले."

उषा हसली, पण ते हसू सरळ नव्हतं. "दगडसाठे येस. मन्हासाठे नही उनी." तिच्यासाठी मी एकदाही गेले नव्हते, हे खरं होतं.

ती चार दिवस राहायला आली होती, दोनच दिवसांत आम्ही निघालो. खोकं आळीपाळीने मांडीवर. तिच्या मांडीवर असताना ती झोपायची नाही; माझ्या मांडीवर असताना मी तिला झोपू दिलं. सुरतेनंतर तिचं डोकं माझ्या खांद्यावर आलं. तिच्या केसांना आता दुसऱ्या तेलाचा वास होता.

वेरावळला पोचल्यावर ती माझी बहीण राहूनही दुसरी कुणी झाली. रिक्षावाल्याशी, शेजारणीशी, दूधवाल्याशी गुजरातीत भराभर बोलत होती. एका बाईने काही म्हटलं आणि उषा खळखळून हसली. त्यातला विनोद मला समजला नाही. एवढ्या वर्षांत ती हसली आणि मला कारण माहीत नाही, असं पहिल्यांदा झालं.

किरीटभाईंना पोवळ्याचं कळलं तेव्हा ते ओशाळले. "मने खबर नहोती, बेन," एवढंच दोनदा म्हणाले. संध्याकाळी ओहोटीच्या वेळेला ते आम्हाला त्या खारव्याने दाखवलेल्या जागी घेऊन गेले. पाणी मागे हटलेलं, खडकांत डबकी चमकत होती. उषा खोकं घेऊन पुढे गेली. किरीटभाई पँट दुमडत माझ्याजवळ थांबले. समुद्राकडे बघत, जणू हवापाण्याबद्दल बोलावं तसं म्हणाले, "तीन साल लगा, बेन. दो बार तो ना बोल दिया उसने. बोलती थी, ताई अकेली पड़ जाएगी."

माझ्या मनात हिशेब आपोआप झाला. तीन वर्षांपूर्वी ती चव्वेचाळीस वर्षांची होती. 'ह्या वयमा' मी तिला विचारलं होतं. त्या वयातली तीन वर्षं तिने माझ्यासाठी थांबून काढली होती, माझ्याच समोर, त्याच टेबलावर, रोज दोन वेळा जेवताना, आणि मला कळलं नव्हतं.

मी साडी खोचून पाण्यात उतरले. पाणी गुडघ्यापर्यंत, अपेक्षेपेक्षा कोमट. उषाने एका डबक्याच्या कपारीत जागा शोधली होती. दोघींनी मिळून खडक उतरवला, वाट्या वरच्या बाजूला राहतील असा. तो नखाएवढा खेकडा, इतका प्रवास करून आलेला, बाहेर पडला आणि तिरका पळाला.

"उषा," मी म्हणाले, "तवय मी जे बोलनू ना..."

"पाय संभाळ," ती म्हणाली. "शेवाळ शे." आणि तिने माझा दंड धरला. काठ येईपर्यंत सोडला नाही.

दोन दिवस राहून मी एकटी परतले. टाकीचा दिवा चालू होता. किल्ली भाभींकडे होती, त्यांनी रोज चिमूटभर नवसागर टाकला होता. मी हात न धुताच पाणी तपासलं. थेंब टाकले, बाटली हलवली, उजेडात धरली. पाणी हिरवं झालं नाही. पिवळंच राहिलं. दुसरी बाटली गडद जांभळी झाली, म्हणजे अमोनिया संपून नायट्राइट आलं होतं. कुणीतरी राहायला आलं होतं. त्या पांढऱ्या नळ्यांत, जिथे मी काहीच ठेवलं नव्हतं, कुठून तरी, मिठातून, धुळीतून, हवेतून. त्यांना मी कुठून उचलून आणलं नव्हतं, कुणाच्या घरातून तोडलं नव्हतं. जागा मात्र द्यावी लागली आणि दम धरावा लागला.

मी भाभींना कुंपणावरून हाक मारली आणि बाटली दाखवली. त्यांनी ती हातात घेऊन बराच वेळ पाहिली. "आले," त्या म्हणाल्या.

फेब्रुवारीत नायट्राइटही उतरलं. प्रात्यक्षिक परीक्षा चालू होत्या. मी फळ्यावर चक्र काढलं आणि प्रत्येक बाणापाशी किती दिवस लागले ते लिहिलं. मागच्या बाकावरच्या मुलीने विचारलं, "मॅडम, हे पुस्तकात नाही." मी म्हणाले, नाही. मार्चमध्ये सुरतेहून दोन मासे आणले, नारिंगी, अंगावर पांढरे पट्टे असलेले. दुकानदाराने पिशवी बांधताना विचारलं, पाण्यात काय ठेवलंय. मी नळ्या सांगितल्या. त्याने मान डोलावली.

त्याला आता काही वर्षं झाली. दोघांपैकी एक मासा अजून आहे. दुसरा मागच्या उन्हाळ्यात गेला. टाकीला बर्फाच्या बाटल्या लावूनही पाणी तापलं होतं. उरलेला दिवसभर कपारीशी थांबून असतो. नवा सोबती आणावा असं भाभी म्हणतात. तो त्याला स्वीकारेल की मारेल हे सांगता येत नाही, म्हणून मी चालढकल करते आहे. नळ्या मी वर्षातून एकदा काढते आणि टाकीतल्याच पाण्यात विसळते. नळाखाली धरल्या तर क्लोरीनने आतले सगळे मरतील. विसळताना त्या हाताला किंचित बुळबुळीत लागतात. तेवढीच त्यांची ओळख.

येत्या उन्हाळ्यात मी निवृत्त होईन. लोक विचारतात, पुढे काय. उषाही विचारते. किरीटभाईंनी मागची खोली रंगवून घेतली आहे, असं तिने दोनदा सांगितलं आणि पुढे काही म्हणाली नाही. मी कितीदा मनात सामान बांधते आणि सोडते. ह्या गावातला मळीचा वास, कॉलेजच्या वाटेवरची ती बाभळींची रांग, भाभींचं कुंपण. तिकडे माझी बहीण, जिच्या हसण्याचं कारण मला समजत नाही.

परवा रविवारी दुपारी तिचा फोन आला. मी ओसरीत कापसाच्या वाती वळत बसले होते. तिने नेहमीसारखं जेवण विचारलं, पाण्याचं विचारलं, माशाचं विचारलं.

"ताई," ती म्हणाली, "एखलं वाटस का तुले?"

हा प्रश्न तिने याआधीही विचारला आहे. दरवेळी मी "कसाले वाटी" म्हणून दुसरं काहीतरी बोलायला घेते. ह्या वेळी वात बोटांतच राहिली.

"हाव," मी म्हणाले. "वाटस."

मला वाटलं फोन तुटला. मग उषाचा आवाज आला, अगदी जवळून, धडगावच्या जीपमधून उतरून दारात उभी असावी तसा.

"माले बी."